आधी गोधडी, मग संस्था: समाजासाठी काही करू पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी लोकांचे हिशेब लिहितो. शिवाय बायकोच्या माहेरी अकरा जणींचा गोधडीचा गट आहे, त्याची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वहीही माझ्याकडेच असते. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवायच्या, विकायच्या आणि त्यातून गावातल्या मुलींची अभ्यासिका चालवायची, एवढाच त्या गटाचा व्याप. तो बघून लोक येतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "समाजासाठी काहीतरी करायचंय, एक संस्था काढून द्या." त्यानंतर जे विचारतात ते, आणि मी जे सांगतो ते, इथे लिहून ठेवतो. कायद्याचं जे आहे ते महाराष्ट्रापुरतं. सही करण्याआधी आपल्या सीएला एकदा दाखवाच.

आधी संस्था नोंदवायची की आधी काम सुरू करायचं?

काम. माझ्या कपाटात अशा सात-आठ फायली आहेत ज्यांत नोंदणीचं प्रमाणपत्र आहे, शिक्का आहे, लेटरहेड आहे, अध्यक्षांचं व्हिजिटिंग कार्ड आहे आणि जमाखर्चात फक्त बँकेनं कापलेले चार्जेस आहेत. नोंदणीला उत्साह पुरतो. नंतर दर वर्षीच्या ऑडिटला, सभेला, इतिवृत्ताला तो पुरत नाही.

गोधडीच्या गटानं पहिली दोन वर्षं कुठलीच नोंदणी केली नाही. बचत गट होताच, त्याचं बँकेत खातं होतं, ठराव करून त्याच खात्यात विक्रीचे पैसे घेतले. दोन वर्षांत कळलं की पावसाळ्यात काम बंद पडतं, कारण धुतलेल्या साड्या वाळत नाहीत. सुगीत बायका शेतावर असतात. आणि खरी मागणी दिवाळीच्या आधी नाही, तर नोव्हेंबर ते जानेवारीत येते. हे आधी नोंदणी करून कळलं नसतं.

धंदाही करायचा आणि सेवाही म्हणवायची, हे लोकांना पटतं का?

पटत नाही, सुरुवातीला तरी. आपल्याकडे समाजसेवक म्हटला की त्याची चप्पल झिजलेली असावी अशी अपेक्षा असते. पण उदाहरणं बघा. १५ मार्च १९५९ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तीच आजची श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. तिथे काम करणारी प्रत्येक जण मालकीण, तिला 'बहीण' म्हणतात, आणि नफा-तोटा सगळ्यांचा मिळून. हे दानधर्मात बसत नाही आणि नुसत्या धंद्यातही बसत नाही.

दुसरं उदाहरण मदुराईचं. डॉ. वेंकटस्वामींनी १९७६मध्ये ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. ज्याला परवडतं तो पैसे भरतो, त्यातून ज्याला परवडत नाही त्याचं ऑपरेशन निघतं. पैसे भरणारा पेशंट टिकावा म्हणून काम चोखच ठेवावं लागतं, आणि त्याचा फायदा फुकट उपचार घेणाऱ्यालाही होतो.

ट्रस्ट, सोसायटी, कलम ८ची कंपनी, बचत गट... आम्ही नेमकं काय काढावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर पैसे कुठून येणार यावर ठरतं. तुमचा हेतू किती थोर आहे यावर नाही.

पैसे विक्रीतून येणार असतील तर बचत गट, भागीदारी, किंवा एकट्याचा धंदा म्हणून सुरू करा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट होते. ती करून देण्याचे कोणी दोन हजार मागत असेल तर उठून या. शेतमालाचं काम असेल आणि दहा तरी शेतकरी बरोबर असतील तर शेतकरी उत्पादक कंपनीचा विचार करा.

पैसे देणगीतून येणार असतील तर महाराष्ट्रात दोन जुने रस्ते आहेत. एक, १८६०चा संस्था नोंदणी कायदा. त्याला किमान सात माणसं लागतात. आपल्या राज्याची गंमत अशी की ही संस्था १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही नोंदवावी लागते, म्हणून कागदांवर दोन नंबर दिसतात; 'एफ'नं सुरू होणारा तो दुसरा. दोन, विश्वस्तपत्र करून साधा सार्वजनिक न्यास. यात माणसं कमी लागतात, निवडणुका नसतात, आणि म्हणूनच विश्वस्त बिघडले तर त्यांना हलवणं अवघड जातं.

तिसरा रस्ता कंपनी कायद्याच्या कलम ८चा, म्हणजे सभासदांत नफा न वाटणाऱ्या कंपनीचा. दोन संचालकांवर भागतं, धर्मादाय कार्यालयाशी संबंध येत नाही, मोठ्या कंपन्यांना ही रचना ओळखीची वाटते. पण वर्षभर एक रुपयाचं काम झालं नाही तरी ऑडिट आणि वार्षिक विवरणपत्रं चुकत नाहीत, आणि उशीर झाला की एकेका फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये मीटर पडत राहतं. आमच्या भागातल्या दोन हौशी पोरांनी अशी कंपनी काढली, पुढं नोकरीला लागले आणि विसरले. तीन वर्षांनी आकडा बघून त्यातल्या एकाच्या वडिलांनी मला फोन केला होता.

मग संस्थेच्याच नावानं गोधड्या विकल्या तर? एकच खटलं, एकच हिशेब.

इथे बहुतेक जण अडकतात. आयकराच्या दृष्टीनं गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत ही कामं एका गटात येतात. 'सर्वसाधारण लोकोपयोगी' म्हणून जे उरतं त्यात धंद्याची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली की त्या वर्षी करमाफी धोक्यात येते. पहिल्या गटातली संस्था असली तरी धंदा मुख्य उद्देशाला पूरक असावा लागतो आणि त्याची वेगळी हिशेबवही लागते.

त्यात भांडवलाची अडचण. सार्वजनिक न्यासाच्या नावानं कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, जमीन किंवा इमारत विकायलाही. दिवाळीआधी सूत आणि अस्तराचं कापड उचलायला चाळीस हजार हवेत आणि तुम्ही परवानगीची वाट बघताय, असा धंदा होत नाही.

म्हणून माझा सल्ला दोन चुलींचा. गोधड्या बचत गट शिवतो आणि विकतो. अभ्यासिका छोटी नोंदणीकृत संस्था चालवते. गट संस्थेला दर महिन्याला चेकनं पैसे देतो. दोन्हीकडे तीच तीन माणसं निर्णय घेणारी असतील तर मात्र सांभाळा: संस्थेचा पैसा विश्वस्तांच्या किंवा त्यांच्या नातेवाइकांच्या फायद्यासाठी गेला असं दिसलं तर करमाफीवर गदा येते. पैसा गटाकडून संस्थेकडे जावा, उलटा नाही.

गोधडीची किंमत कशी ठरवली? आम्हाला आमच्या वस्तूची ठरवता येत नाही.

याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण समाजाला परत देणं म्हणजे काय ते मला या एका कागदावर कळलं.

गावात पूर्वी गिऱ्हाईक स्वतःच्या साड्या द्यायचं आणि बाई गोधडी शिवून ८०० रुपये घ्यायची. गटानं सुरुवात केली तेव्हा साड्या, अस्तर, सूत सगळं आपलं, म्हणून दर लावला १,५००. दुप्पट मिळतात म्हणून सगळ्या खूश. त्यातले १०० रुपये अभ्यासिकेला. पहिल्या वर्षी पुस्तकांचं एक कपाट आलं, सरपंचांच्या हस्ते नारळ फुटला, फोटो छापून आला.

वर्षअखेरीस मी हिशेब मांडायला बसलो. पासष्टीच्या एक मावशी आहेत गटात, त्यांचा टाका असा की दोन टाक्यांत दोन तांदूळ बसतील एवढंच अंतर, आणि धावदोरा कडेपासून आत चौकोन चौकोन करत मध्यावर येतो. त्यांना विचारलं, एक गोधडी किती दिवसांत होते? त्या म्हणाल्या, "दिवसाचं काय विचारतोस, जेवणं उरकली की बसायचं." मग आठवडाभर प्रत्येकीला बसल्याची आणि उठल्याची वेळ वहीत लिहायला लावली. एका गोधडीला आठ-आठ तासांचे सहा दिवस निघाले.

आता मांडा. सूत १२०, अस्तर २५०, धुलाई ६०, पिशवी आणि लेबल ४०, ने-आण १५०. म्हणजे मजुरी सोडून ६२०. दीड हजारातून ते वजा केले की राहिले ८८०, त्यातले १०० अभ्यासिकेला, हातात ७८०. भागिले सहा दिवस: रोजचे १३० रुपये. २०२५-२६मध्ये रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. खड्डे खणून ३१२ आणि नजर घालवून १३०. अभ्यासिकेची खरी देणगीदार कोण होती? शिवणारी बाईच. गटाचं नाव झालं, नारळ सरपंचांनी फोडला, आणि पैसे तिच्या डोळ्यांतून गेले.

तेव्हापासून कागद उलटा मांडतो. वर सगळ्यात आधी मजुरी: सहा दिवसांचे ३५० प्रमाणे २,१००. त्यात ६२० मिळवले की २,७२०. याखाली गोधडी घरातून बाहेर पडत नाही. आम्ही ३,६०० लावले, प्रदर्शनात खपल्या. पण पुण्यातल्या एका दुकानानं ३० टक्के कमिशन मागितलं. ३,६००चे ३० टक्के १,०८०, हातात २,५२०. प्रत्येक गोधडीमागे २०० रुपये खिशातून! म्हणून आता सगळीकडे एकच दर, ४,५००. दुकानातून विकली तरी कमिशन जाऊन ३,१५० हातात येतात. थेट विकताना दर कमी करायचा मोह होतो. पण दुकानदाराला कळलं की तो माल परत पाठवतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

साडेचार हजारांची गोधडी घेतं कोण?

सगळे घेत नाहीत. आमच्या गावात तर कोणीच नाही. त्यांच्या घरी आजीनं शिवलेली वाकळ आहे. घेतात ती शहरातली माणसं, आणि त्यातली निम्मी आपल्याच आईच्या साड्या घेऊन येतात. हे आम्ही ठरवलं नव्हतं. एक ताई प्रदर्शनात आल्या, गेलेल्या आईच्या सहा साड्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, यांची होईल का? तेव्हापासून ऑर्डरीच्या गोधड्या जास्त. बचत गटांना विकायला मुंबईचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन आहे, पुण्यातली भीमथडी जत्रा आहे. पण स्टॉल मिळाला म्हणजे विक्री झाली असं नाही. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च आधी लिहा.

नफ्यातला किती टक्के समाजाला द्यावा?

टक्के ठरवूच नका. नफा मार्चनंतर कळतो, आणि तोवर कुणाला तरी शिलाई मशीन घ्यायचं सुचलेलं असतं. आम्ही नगामागे रक्कम ठरवली: एक गोधडी गेली की २५० रुपये अभ्यासिकेचे. दुकानातून विकली की शिल्लक ४३०, त्यातून अडीचशे गेले तरी गटाला १८० उरतात. विक्रीच्याच दिवशी रोजकीर्दीत वेगळ्या खात्याला लिहायचे. अकरा जणींपैकी कुणीही वही उघडून विचारू शकते. टक्केवारीवर वाद होतो, अडीचशेवर होत नाही.

आणि मजुरी निघत नसेल त्या महिन्यात द्यायचंच नाही. पावसाळ्यात दोन महिने अभ्यासिकेला शून्य जातं. तिचं वीजबिल आधीच्या शिलकीतून भरतो.

संस्था चालवणाऱ्यानं स्वतः पगार घ्यावा का?

घ्यावा, उघडपणे घ्यावा. संस्थेच्या घटनेत तशी तरतूद हवी, सभेचा ठराव हवा, रक्कम कामाच्या मानानं वाजवी हवी. पदाधिकारी म्हणून मिरवायचे पैसे आणि पूर्णवेळ काम केल्याचे पैसे या वेगळ्या गोष्टी आहेत. 'मी एक रुपया घेत नाही' म्हणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्यातल्या काहींची पेट्रोलची बिलं मी पाहिली आहेत.

विश्वस्त कोणाला घ्यावं? घरातलेच घेतले तर?

कायद्यानं नातेवाइकांना सरसकट बंदी नाही. पण नवरा अध्यक्ष, बायको खजिनदार, मेहुणा सचिव अशी यादी दिसली की देणगीदार कागद खाली ठेवतो. मी तीन प्रकारची माणसं सुचवतो: एक जिला काम रोज दिसतं ती, एक ज्याला हिशेब कळतो तो, आणि एक जो तुम्हाला तोंडावर नाही म्हणू शकतो. तिसरा मिळणं कठीण. गावातल्या मोठ्या पुढाऱ्याला मानाचं पद देऊ नका. तो सभेला येत नाही आणि कोरम भरत नाही.

'आमच्या बायका शिकलेल्या नाहीत, त्यांना कसं घ्यायचं' असंही विचारतात. आमच्याच जिल्ह्यात म्हसवडला चेतना सिन्हांनी महिलांच्या बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा संस्थापक सभासदांत निरक्षर बायका आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला होता. बायका परत गेल्या आणि म्हणाल्या, रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या साहेबांनी कॅल्क्युलेटरवर काढावं. १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आमच्या गटात खजिनदार चौथी पास आहे, आणि मला आजवर दोनदा चुकीची बेरीज दाखवली आहे. दोन्ही वेळा चूक माझी होती.

धर्मादाय कार्यालयात नोंदणीनंतर काय काय चुकवू नये?

वर्षाचं ऑडिट सहा महिन्यांच्या आत. सभेचं इतिवृत्त, सूचक-अनुमोदकांच्या नावांसकट. आणि चेंज रिपोर्ट.

चेंज रिपोर्टचं मी अनुभवावरून सांगतो. एका वाचनालयाचा मी आठ वर्षं सचिव होतो. विश्वस्त बदलले, पत्ता बदलला, की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल अर्ज द्यायचा असतो. आमच्या तीन निवडणुका झाल्या, पेढे वाटले, अर्ज एकदाही दिला नाही. 'पुढच्या महिन्यात करू' असं म्हणणारा मीच. मग जुने खजिनदार वारले. बँकेनं नव्या सह्या लावायला अद्ययावत विश्वस्तांचा उतारा मागितला, तर उताऱ्यावर सगळी जुनीच नावं, त्यातले दोघं आता या जगात नाहीत. खातं अडकलं. मागचे तीन अर्ज उशिराची कारणं देऊन क्रमानं भरावे लागले, कारण पहिला मंजूर झाल्याशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. चौदा महिने ग्रंथपालांचा पगार आम्ही खिशातून वाटून घेतला. तेव्हापासून निवडणुकीच्या सभेला मी बदल अर्जाचा कोरा नमुना घेऊनच जातो, सह्या तिथेच.

देणगीदार ८०जी मागतात. ते कसं मिळतं?

आधी संस्थेची स्वतःच्या करमाफीची नोंदणी, जिला लोक '१२ए' म्हणतात, आणि देणगीदाराला सवलत मिळावी म्हणून ८०जी. २०२१पासून नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते, मग नियमित. मिळाली की काम संपलं असं नाही: वर्षभराच्या देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत आयकर खात्याला ऑनलाइन द्यायची आणि तिथून निघणारं प्रमाणपत्र देणगीदाराला पाठवायचं. नुसत्या छापील पावतीवर त्याला सवलत मिळत नाही. रोखीत २,०००च्या वरच्या देणगीलाही नाही. २०२५चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू असल्यानं कलमांचे आकडे बदलले आहेत, बोलण्यात मात्र ८०जीच राहील असं दिसतं.

एक गोष्ट देणगीदारालाच माहीत नसते: त्यानं नवी करप्रणाली निवडली असेल तर त्याला ८०जीचा फायदा नाहीच. ८०जी नाही म्हणून देणगी अडली असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची देणगी दुसऱ्याच कारणानं अडलेली असते.

भाचा अमेरिकेत आहे, डॉलर पाठवतो म्हणतो. घ्यावेत?

आधी त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून, बँकेच्या सरळ मार्गानं पाठवत असेल, तर ती परकीय देणगी धरत नाहीत. पासपोर्टची प्रत फायलीला लावून ठेवा. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो कायद्यानं परकीय स्रोत, मग तो दर गणपतीला घरी येत असला तरी. त्यासाठी एफसीआरएची, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी: साधारणपणे तीन वर्षांचं काम, त्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख खर्च, आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेत खातं. छोट्या संस्थेला हे झेपत नाही. आमच्या एका काकांच्या अमेरिकन मुलानं गोधडीच विकत घेतली, पूर्ण दरानं, आणि तो सरळ विक्रीचा व्यवहार झाला. पण त्याला माल खरोखर पाठवावा लागतो, नुसतं बिल फाडून चालत नाही.

सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचे पैसे मिळतील का?

लगेच नाही. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, हे २०१४पासून. पण पैसे घ्यायला तुमच्याकडे करमाफीच्या दोन्ही नोंदण्या, तीन वर्षांचं काम आणि सीएसआर-१ या सरकारी फॉर्मवर मिळणारा नोंदणी क्रमांक लागतो. त्यानंतर कंपनीला जे पाहिजे ते काम तुम्ही करणार की तुमचं काम कंपनी करून घेणार, हा वेगळा प्रश्न. एमआयडीसीतल्या एका कंपनीनं आम्हाला ३०० गोधड्या दीड महिन्यात मागितल्या होत्या, वाटायला. अकरा जणींना तेवढ्या शिवायला अर्ध्या वर्षाहून जास्त लागलं असतं. नाही म्हटलं. मशीनवर शिवून द्या म्हणाले, तरी नाही म्हटलं. गटात दोघी अजून त्याबद्दल माझ्याशी भांडतात, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही.

खाण्याचा पदार्थ करत असू तर वेगळं काय?

एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी. वर्षाची उलाढाल छोटी असेल तर साध्या नोंदणीवर भागतं. पाकिटावर तो नंबर, तारीख, वजन, घटक. पापड-लोणच्याच्या गटांनी हे आधी करावं, प्रदर्शनात पहिल्या दिवशी हेच तपासतात.

जीएसटी?

महाराष्ट्रात मालाच्या विक्रीला ४० लाख, सेवेला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर किंवा ऑनलाइन दुकानांवर विकायला निघालात की नियम बदलतात, तेव्हा विचारून घ्या.

गरिबांना सगळं फुकटच द्यायला हवं ना?

मला तसं वाटत नाही, पण यावर मी अनेकांशी वाद हरलो आहे. अभ्यासिकेत मुलींकडून महिन्याला २० रुपये घेतो. त्यात वीजबिलही निघत नाही. तरी पंखा बंद पडला की त्या दुसऱ्या दिवशी दारात उभ्या असतात: "काका, पैसे भरतो ना आम्ही." फुकट असताना त्या उकाड्यात गप्प बसायच्या. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचं कामही घराघरातून येणाऱ्या मासिक शुल्कावर उभं आहे. पैसे देणारं घर तक्रार करतं, आणि पैसे घेणारी बाई कामगार म्हणून बोलते. ज्या मुलीकडून वीस रुपये निघत नाहीत तिचं नाव वहीत बाकीच्यांसारखंच लिहायचं आणि पुढे रकमेची बरोबर खूण करायची. ते कुणालाही कळत नाही, तिलाही शक्यतो कळू देत नाही.

जाहिरातीसाठी बायकांचे फोटो टाकावेत?

विचारून. आणि हात टाकावेत, गोधडी टाकावी, नाव टाकावं. डोळ्यात पाणी असलेला फोटो टाकून गोधडी विकली तर गिऱ्हाईक कीव म्हणून एकदाच घेतं. मावशींनी स्वतःच सांगितलंय, "माझा फोटो लाव, पण हसताना. रडायला मी घरी मोकळी आहे."

चाललंच नाही तर बंद कसं करायचं?

बचत गट बंद करणं सोपं: कर्ज फेडायचं, शिल्लक वाटायची, शेवटच्या सभेचा ठराव करून खातं बंद. न्यासाचं किंवा संस्थेचं तसं नाही. तिथली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही. ती तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे जाते आणि धर्मादाय कार्यालयात त्याचे सोपस्कार करावे लागतात. म्हणून डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही, पहिल्या दिवसापासून ठेवा. आमच्या अभ्यासिकेच्या रजिस्टरमध्ये चौदा खुर्च्या, चार टेबलं, दोन पंखे, पुस्तकांची तीन कपाटं आणि एक गोधडी आहे. गोधडी कशाला, असं ऑडिटरनं विचारलं होतं. थंडीत पहाटे पाचला येणाऱ्या मुली ती पायांवर घेऊन बसतात, असं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं आहे.